एमबीतले पंधरा सेंटीमीटर

गावातल्या काँक्रीट रस्त्याचे पैसे बहुतेक वेळा जाडीत मुरतात. लांबी-रुंदी कुणीही टेप लावून मोजेल, जाडी मात्र पोटात असते. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटीमीटर जाड रस्त्याला 45 घनमीटर काँक्रीट लागतं. ओतलं 10 सेंटीमीटर, तर लागलं 30. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, 45 लिहिलं की उरलेल्या 15 घनमीटरचं बिल बिनबोभाट निघतं. कडेला माती ओढून घेतली की कड दिसत नाही; म्हणून आधी फावड्याने ती कड उघडी करून पट्टी लावा, आणि एका नव्हे, पाच-सहा ठिकाणी.

मग माहिती अधिकारात अर्ज. 10 रुपये शुल्क, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘रस्त्याची सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येतं. अंदाजपत्रक, एमबीची पानं आणि देयकाची प्रत नावानिशी मागा. कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही 2005च्या याच कायद्यात आहे. तो फार थोडे लोक वापरतात, याचं वाईट वाटतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

खरं नुकसान ग्रामसभेचं होतं. रस्ता वर्षात उखडला की लोक म्हणतात, जाऊन उपयोग काय? गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथे मोजक्या सह्यांवर पुढच्या रस्त्याचा ठराव होतो.