चवथीची कॅसेट: अर्धी विजेवर, अर्धी सेलवर

आजोबांच्या जुन्या कॅसेटी मी संगणकावर उतरवतोय, त्यातली क्रमांक 7 एकदाची संपली. दोन आठवडे खाल्ले हिने. कार्डावर आजोबांच्या अक्षरात 'चवथ, घुमट आरती' एवढंच (चवथ म्हणजे गोव्यातली गणेश चतुर्थी, घुमट म्हणजे मडक्याला चामडं लावून केलेलं वाद्य), साल नाही. सी-90, म्हणजे एका बाजूला 45 मिनिटं.

गोव्यात बांदोड्याच्या घरी पत्र्याच्या डब्यात इतके पावसाळे काढल्यावर व्हायचं तेच झालं होतं. फितीच्या कडांवर पांढरी बुरशी आणि प्रेशर पॅड (फीत हेडला दाबून धरणारा तुकडा) गळून पडलेला. आधी सिलिका जेलसोबत बंद डब्यात सुकवली, मग अंगणात मास्क लावून मऊ ब्रशने झाडली आणि स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात फीत बसवली. अझिमुथ, म्हणजे फितीशी असलेला हेडचा कोन, कांसाळ्यांच्या (झांजांच्या) आवाजावर लावला: मोनोत ऐकत हेडचा स्क्रू फिरवायचा, किणकिण सगळ्यात धारदार झाली की थांबायचं. संगणकावर उतरवली ती 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये. तासाला साधारण 1 जीबी.

आणि ऐकलं तर आजोबा पंचविशीतले वाटतात! आत्याला ऐकवलं, ती म्हणाली, "हे आमचे बाबा नव्हेत रे."

डेकचा वेग मी 3150 हर्ट्झच्या टेस्ट टेपवर आधीच तपासला होता, म्हणजे दोष मूळ रेकॉर्डिंगचा. रेकॉर्डिंगमधल्या पेटीचा सूर घरच्या पेटीवर शोधायला गेलो तर पांढरी 2 आणि तिच्या लगतची काळी 2 यांच्या मधेच कुठेतरी. अशी पट्टी कोण लावतं?

वाट दाखवली ती विजेच्या गुणगुणीने. रेकॉर्डर विजेवर चालत असेल तर 50 हर्ट्झचा हम फितीवर उतरतो. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडून आकार 65536 ठेवला, तर रेघ दिसली 51.5 च्या आसपास. तिसऱ्या पटीला, 154.5 ला, ती जास्त स्वच्छ वाचता येते. (कॅसेट थांबवूनही 50 ला रेघ उरली तर तो तुमच्याच डेकचा किंवा चार्जरचा हम. लॅपटॉप बॅटरीवर घ्या.) म्हणजे फीत 3 टक्के जोरात पळतेय. अर्थात त्या काळी वीज तरी कुठे नेमकी 50 वर असायची, म्हणून एकट्या हमवर माझा भरवसा नाही. वेग 2.9 टक्क्यांनी उतरवला आणि घरातल्या त्याच जुन्या पेटीशी लावून पाहिला. पांढरी 2, बरोबर!

पण तिसऱ्या आरतीच्या मध्यावर हम एकदम गायब. आजोबा ओरडतात, "कंदील हाडा!" (कंदील आणा!) कोणीतरी हसतं, घुमट मात्र थांबत नाही. वीज गेली आणि रेकॉर्डर सेलवर आला. सेल थकलेले असणार, कारण पुढे पट्टी चढतच जाते आणि शेवटची आरती पांढरी 3 ला पोचते. रेकॉर्डर मंदावत होता, म्हणून आता फीत वेगात वाटते. इथे मोजायला हम नाही, पण पेटी आहे. प्रत्येक आरतीचे तुकडे पाडून पेटीचा षड्ज पुन्हा पांढरी 2 वर आणला. शेवटच्या आरतीचे आठ तुकडे झाले. एक सांधा अजून कानाला लागतो, तो सोडून दिला.

हे सगळं जमलं ते कच्च्या फाइलवर. मी सवयीने आधी हम साफ केला असता तर मोजपट्टीच पुसली गेली असती. नॉइज रिडक्शन शेवटी लावून पाहिलं, तर घुमटाच्या थापेमागची घुमी गेली. काढून टाकलं. थोडी खरखर चालेल.

दुरुस्त केलेलं आत्याला पुन्हा ऐकवलं. या वेळी ती आजोबांबद्दल काहीच बोलली नाही. शामेळ (घुमटाच्या साथीचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य) कोण वाजवतंय ते सांगत बसली.

आता क्रमांक 8: मामाने सौदीहून पाठवलेलं बोलतं पत्र. पेटी नाही, फक्त त्याचा आवाज आणि मागे एसी. तिथली वीज 60 हर्ट्झची, तेव्हा रेघ शोधायची ती साठीच्या आसपास.