फॉर्म भरल्यानंतरची धाकधूक

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे काही आठवडे मला येणारे बहुतेक फोन एकाच प्रश्नाचे असतात: "मॅडम, फॉर्ममध्ये चूक झाली आहे, आता प्रवेश रद्द होईल का?" मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत मार्गदर्शन कक्षात बसते, त्यामुळे ही धाकधूक मला फार जवळून दिसते. ती उगाचची आहे असे मी कधीच म्हणणार नाही. ज्या घरातले पहिलेच मूल कॉलेजची पायरी चढत असते, त्या घराला एक चुकलेले अक्षर म्हणजे वाया गेलेले वर्ष वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे एवढेच की ही काळजी बहुतेक वेळा भलत्याच रकान्यावर खर्ची पडते. जी चूक सहज दुरुस्त होते तिच्यापायी रात्रीची झोप उडते आणि जी नंतर दुरुस्त होत नाही ती गोष्ट मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून घाईघाईत उरकली जाते.

सर्वांत जास्त घबराट नावाच्या स्पेलिंगची असते आणि सोलापुरात तिला कारणही आहे. आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शहरात उर्दू बोलणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांची नावे शाळेत मराठीत लिहिली जातात आणि तिथून प्रत्येक कार्यालयात ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे इंग्रजीत उतरतात. शिवाय बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, तर आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते. मुलांना वाटते की ही दोन वेगळी माणसे ठरतील. प्रत्यक्षात प्रवेशाच्या अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव असले की छाननी करणाऱ्याचे काम भागते, आणि एखाद्या अक्षराचा फरक कागदपत्रे पाहताना समजून घेतला जातो. फरक मोठा असेल, म्हणजे आडनावच बदलले असेल किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर मात्र तो निकालाची वाट न पाहता आधीच दुरुस्त करून घ्यायला हवा.

मागे एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. स्वतः विड्या वळते असे तिने सांगितले. प्लास्टिकच्या फाईलमधून तिने अर्जाची प्रिंट काढली आणि आईच्या नावावर बोट ठेवले. गुणपत्रिकेवर 'लक्ष्मी' इंग्रजीत 'एक्स' घालून लिहिले होते आणि अर्जात 'के-एस-एच' घालून. "माझ्या नावापायी पोरीचं थांबंल का हो बाई?" असे तिने विचारले, तेव्हा तिचा आवाज कापत होता. त्या नावाने काहीही थांबणार नव्हते. मात्र तीच प्रिंट वाचताना खाली प्रवर्गाच्या रकान्यात 'इतर मागासवर्ग' दिसले आणि फाईलमधल्या जातीच्या दाखल्यावर 'विशेष मागास प्रवर्ग' होते. त्या रकान्याकडे मायलेकींपैकी कोणाचेही लक्ष गेले नव्हते.

ही चूक सोलापुरात वारंवार होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पद्मशालीसह विणकर समाजातील अनेक जाती महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतात आणि त्या प्रवर्गाला राज्यात 2 टक्के आरक्षण आहे. केंद्राच्या यादीत मात्र असा स्वतंत्र प्रवर्गच नाही. त्यामुळे नीट किंवा जेईईच्या अर्जात, जात केंद्राच्या यादीत आहे याची खात्री करून, 'ओबीसी' निवडावे लागते आणि काही महिन्यांनी राज्याच्या अर्जातही तोच पर्याय सवयीने निवडला जातो. भटक्या आणि विमुक्त जातींच्या मुलांचीही हीच अडचण होते. कुटुंब मागास प्रवर्गातल्या सधन गटात मोडत नाही असे सांगणाऱ्या नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राचा नमुनाही राज्याचा आणि केंद्राचा वेगळा असतो. प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, तर राज्याच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेत त्या विद्यार्थ्याला खुल्या गटात धरले जाते. माझ्या मते ज्याच्यासाठी झोप उडावी असा अर्जातला हा रकाना आहे.

त्या मुलीचा अर्ज वेळेत दुरुस्त झाला, कारण तशी सोय प्रक्रियेतच आहे. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या प्रवेशांमध्ये ऑनलाइन छाननी करणारा अधिकारी त्रुटी आढळल्यास शेरा लिहून अर्ज परत पाठवतो, तो सुधारून पुन्हा सादर करता येतो, आणि तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावरही ठरलेल्या मुदतीत तक्रार नोंदवता येते. केंद्राच्या परीक्षांच्या अर्जांसाठीही दुरुस्तीचे काही दिवस जाहीर होतात. मात्र परत आलेला अर्ज पाहायला आपण लॉगिन करायला हवे, आणि इथेच घोळ होतो. अर्ज नेट कॅफेवाल्याने भरलेला असतो, मोबाईल क्रमांक त्याचा किंवा शेजारच्या दादाचा असतो, पासवर्ड कोणाकडे आहे हे मुलाला ठाऊक नसते आणि आलेला शेरा कोणी वाचतच नाही. कॅफेत बसून अर्ज भरून घेण्यात काही गैर नाही. परंतु मोबाईल क्रमांक घरचा आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत, एवढा आग्रह मुलांनी धरलाच पाहिजे.

पसंतीक्रमातल्या पहिल्या नावाला मात्र अशी दुसरी संधी नाही. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आणि आपल्याकडच्या मुलांनाही दहापर्यंत महाविद्यालयांचा क्रम लावावा लागला. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते, ही अट अनेक पालकांना ठाऊक नव्हती. "मित्राने टाकले म्हणून मीही पहिले तेच टाकले," असे सांगणारा मुलगा सांगोल्याच्या पुढच्या गावातून रोज ये-जा करणार कशी, याचा विचार त्या घरात कोणी केलेला नव्हता. अभियांत्रिकीच्या फेऱ्यांतही पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो. म्हणून महाविद्यालयांची यादी आधी कागदावर लिहावी, भाडे, वसतिगृह आणि शुल्क यांचा हिशेब आई-वडिलांसमोर मांडावा, एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि मगच ती पोर्टलवर भरावी, असे मी प्रत्येकाला सांगते.

पैसे खात्यातून वजा झाले पण पावती आली नाही, या तक्रारीबद्दल थोडक्यात: लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत, व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि काही वेळाने स्थिती तपासावी.

कागदी अर्ज होते तेव्हा खिडकीपलीकडचा लिपिक "इथं सही राहिली आहे" असे म्हणून फॉर्म तिथल्या तिथे परत द्यायचा. चुका तेव्हाही होत होत्या, पण त्या सांगणारा माणूस समोर असे. पोर्टल रिकामा रकाना अडवते. रकान्यात भरलेले खरे आहे की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून अंतिम सबमिट करण्यापूर्वी प्रिंट काढावी आणि एकाने मूळ दाखला वाचावा, दुसऱ्याने प्रिंटवर बोट ठेवून ताडून पाहावे, हे काम मी आमच्या कक्षात मुलांच्या जोड्या लावून करून घेते. करमाळा किंवा माळशिरसहून सोलापूरला एका दुरुस्तीसाठी यायचे म्हणजे घरातल्या कोणाची तरी दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे ही पडताळणी गावातल्या शाळेतच व्हावी, असे मला मनापासून वाटते. ज्यांची मुले यंदा दहावी-बारावीत आहेत त्यांनी जातीचा दाखला पडताळून मिळणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अजून दिला नसेल तर तो आधी द्यावा, आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र हाती असेल तर ते कोणत्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत चालते, हे आजच उघडून पाहावे.