चोरांचा बांबू

चोर जहाजावर चढले तेव्हा मी ब्रिजवरच, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतच, होतो आणि मला काहीही दिसलं नाही. हे आधी कबूल केलेलं बरं.

तेव्हा मी सेकंड ऑफिसर होतो. पारादीपहून लोहखनिज भरून चीनकडे निघालेलं आमचं बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल वाहणारं जहाज, सिंगापूरच्या सामुद्रधुनीत शिरलं होतं. भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, डेक पाण्याजवळ येतो, वेगही जेमतेम. चोरांना असंच गिऱ्हाईक लागतं. माझा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, रात्री १२ ते ४. सामुद्रधुनीतल्या फिलिप चॅनल या अरुंद वाटेत जागा इतकी चिंचोळी की समोरची, मागची आणि बाजूने कापत जाणारी जहाजं सांभाळतानाच माणूस घामाघूम होतो. मदतीला अलिबागचा एक डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, होता, पहिल्याच जहाजावरचा.

२ वाजून ४० मिनिटांनी इंजिन रूमचा फोन आला. तिथला खलाशी, ऑईलर, धापा टाकत होता. स्पेअर्सच्या स्टोअरजवळ चार अनोळखी माणसं, तोंडं बांधलेली, एकाच्या हातात कोयता.

जनरल अलार्म दिला, भोंगा वाजवला. कॅप्टन अर्ध्या मिनिटात वर आले. सगळे आत, दारं बंद, मोजदाद. एकवीस. सगळे आहेत म्हटल्यावर माझे गुडघे सैल पडले, ते मात्र मी रिपोर्टात लिहिलं नाही. अलार्म होताच चोर पळाले होते. रडारवर त्यांची बोट दिसलीच नाही. लाकडी होडी लाटांच्या गोंधळात कुठली दिसायला! जहाजाच्या मागच्या टोकाच्या पूप डेकवरून सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, फक्त दक्षिणेकडे विझत गेलेला इंजिनाचा आवाज ऐकू आला.

व्हीएचएफ रेडिओवरून सिंगापूरच्या वाहतूक नियंत्रणाला कळवलं. पलीकडचा आवाज शांत होता. नेमकी पोझिशन विचारली. मग म्हणाला, ही हद्द इंडोनेशियाची, आम्ही त्यांना कळवतो. त्याचं बरोबरच होतं. पाठलाग करणाऱ्या बोटीला दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीशी थांबावं लागतं, असा आंतरराष्ट्रीय कायदाच आहे. कॅप्टन उजवीकडच्या काळोखाकडे बघत म्हणाले, "त्यांना घरी पोचायला दहा मिनिटं पुरतात."

डावीकडे पुढे सिंगापूरचा झगमगाट, आभाळ नारिंगी झालेलं. उजवीकडे बेटांवर तुरळक दिवे. कॅडेटने विचारलं, "सर, एवढ्याशा पाण्यात ही रेघ मारली कुणी?"

एरवी मी म्हटलं असतं, पुढे बघ. पण त्या रात्री कुणालाच झोप येणार नव्हती.

रेघ मारली लंडनमध्ये, १७ मार्च १८२४ रोजी. त्याआधी सामुद्रधुनीचे दोन्ही काठ जोहोरच्या एकाच सुलतानाचे होते. मधलं पाणी म्हणजे घरातलं अंगण. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॅफल्स याला सिंगापुरात इंग्रजांची वखार हवी होती. सुलतानाच्या दोन मुलांत गादीचा वाद होता, धाकटा डचांच्या बाजूला होता, म्हणून रॅफल्सने थोरल्याला सुलतान मानलं आणि त्याच्याशी करार केला. भाऊबंदकीत शिरून आपलं ठाणं बसवायचं हे तंत्र आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पाच वर्षांनी इंग्रज आणि डच यांनी आपसात वाटणी केली. मलाक्का इंग्रजांना, सुमात्रातलं बेंकुलेन डचांना, आणि सामुद्रधुनीच्या दक्षिणेच्या बेटांवर इंग्रजांनी ठाणं करायचं नाही. बाताम, बिंतान, कारिमून ही नावं करारात आहेत. दोन्ही सुलतानांना कुणी विचारलं नाही. डचांच्या बाजूचा इंडोनेशिया झाला, इंग्रजांच्या बाजूचे मलेशिया आणि सिंगापूर. समुद्रातली हद्द मोजून ठरवायला सिंगापूर आणि इंडोनेशियाला १९७३, २००९ आणि २०१४ असे तीन करार करावे लागले.

सकाळी रिपोर्टचा फॉर्म भरायला बसलो. 'पायरसी' की 'आर्म्ड रॉबरी' अशी खूण करायची होती. चाचेगिरी म्हणायची तर गुन्हा खुल्या समुद्रात घडायला हवा. कुणाच्या हद्दीत घडला तर तो सशस्त्र दरोडा. कॅडेट हसला. "आमच्या कान्होजींना पण पायरेटच म्हणायचे की." खरंच होतं. पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचा परवाना विकला तर ते राज्य, कान्होजी आंग्र्यांनी दस्तक मागितलं तर चाचेगिरी. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले होते आणि हात हलवत परत गेले होते, हे पोराला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तोवर आम्ही जोहोर नदीचं मुख मागे टाकलं होतं. २५ फेब्रुवारी १६०३ च्या पहाटे तिथे हेम्सकर्क या डच कप्तानाने 'सांता कातारीना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं. आत चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी. अॅमस्टरडॅममध्ये लिलाव झाला तेव्हा तीस लाख गिल्डरांहून जास्त रक्कम आली, आणि तिथल्याच न्यायालयाने ही लूट कायदेशीर ठरवली. डच ईस्ट इंडिया कंपनीची बाजू मांडायला ग्रोशिअस नावाचा तरुण वकील होता. समुद्र सर्वांना मोकळा आहे, हा त्याचा युक्तिवाद १६०९ मध्ये पुस्तकरूपाने आला. पुढे मसाल्याच्या बेटांवर इंग्रज व्यापाराला आले तेव्हा डचांनी त्यांना अडवलं. १६१३ च्या वाटाघाटीत इंग्रजांनी डचांना तेच पुस्तक ऐकवलं, आणि डच शिष्टमंडळात खुद्द ग्रोशिअस बसला होता! आज दक्षिण चीन समुद्रात युद्धनौका याच मोकळ्या समुद्राच्या नावाने फिरतात. त्या दिसल्या की मला हा वकील आठवतो. समुद्र मोकळा असावा असं मलाही वाटतं, माझं पोटच त्यावर आहे. फक्त असं म्हणणाऱ्याच्या गोदामात काय आहे, ते मी आधी बघतो.

आमच्या चोरांनी नेलं काय, तर जनरेटरचे बेअरिंग आणि काही इंजेक्टर. ऑफिसचा पहिला प्रश्न 'माणसं कशी आहेत' असा नव्हता, 'स्पेअर्सची यादी पाठवा' असा होता. पाठवली.

पूप डेकच्या कठड्याला चोरांचा बांबू तसाच अडकला होता, चांगला लांब, टोकाला लोखंडी आकडा. पुरावा म्हणून फोटो काढले. रत्नागिरीकडचा आमचा सारंग तो हातात तोलून बघत होता.

"बांबू बरा आहे, साहेब," तो म्हणाला. "आकडा काढून झेला लावला तर आंबे काढायला काय मस्त होईल."

कॅप्टननी बांबू स्टोअरमध्ये ठेवायला सांगितला. पुढल्या बंदरात बघायला कुणी आलं नाही.