आज पुन्हा एक सेल फुटला
सकाळपासून लॅबमध्ये एक फुल चार्ज ‘१८६५०’ सेल, म्हणजे लिथियम-आयन बॅटरीतली छोटी नळकांडी, तापवत बसले होते. १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, एवढासा जीव! १३० अंशांच्या आसपास आतले दोन ध्रुव वेगळे ठेवणारा पॉलिथिलिनचा पडदा वितळतो, हे तोंडपाठ आहे. तरी काचेपलीकडे ‘टक्’ झालं, पांढरा धूर सुटला आणि मी श्वास रोखला. लोकांना तो साधा धूर वाटतो. त्यात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद खोलीत साठला की ठिणगीच पुरे.

मग भडका. तापमान मोजणारं थर्मोकपल गेलं, या महिन्यातलं तिसरं. सरांनी न बोलता रजिस्टर पुढे सरकवलं.

घरी आले तर बाबांनी स्कूटरची बॅटरी अगदी दारात चार्जिंगला लावलेली. “अगं, रोजच लावतो की!”

आधी प्लग काढला, मग चप्पल.