आमची वाटचाल : पित्तनलिकेच्या कर्करोगावरच्या औषधांसाठी एक छोटी प्रयोगशाळा

भोसरीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही पेशी-चाचण्यांची प्रयोगशाळा काढली, तेव्हा काम यायचं ते फुप्फुसाच्या नाहीतर स्तनाच्या कर्करोगाचं. पित्तनलिकेच्या कर्करोगाचं कुणी नावही काढत नसे. त्यावर जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीची जोडी २०१० च्या 'एबीसी-०२' चाचणीनंतर ठरून गेलेली होती. जोडी घेऊनही निम्मे रुग्ण ११.७ महिन्यांच्या आतच जात. पहिल्या नफ्यातून आम्ही जनरेटर घेतला. गुरुवारी लाइट गेली आणि इन्क्युबेटर ३७ अंशांवरून घसरला, की आठवड्याची मेहनत पाण्यात.

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत पेमिगॅटिनिबला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. यकृतातल्या पित्तनलिकांच्या साधारण १० ते १५ टक्के गाठींमध्ये एफजीएफआर२ हे जनुक भलत्याच जनुकाला जोडलं जातं. मग पेशीला वाढण्याचा हुकूम सुटतो तो थांबतच नाही. हे औषध तो हुकूम अडवतं. २०२१ मध्ये आयडीएच१ या दुसऱ्या जनुकातल्या बदलावर आयव्होसिडेनिब हे औषध आलं. आमच्याकडेही विचारणा सुरू झाली.

आमचं काम बीए/एफ३ या उंदराच्या पेशींवर चालतं. आयएल-३ हे प्रथिन मिळालं नाही तर त्या मरतात. जोडलेलं एफजीएफआर२ त्यांच्यात घातलं, की आयएल-३ शिवाय जगतात. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये नवा रेणू कमी-कमी मात्रेत घालायचा आणि तीन दिवस थांबायचं. पेशी मेल्या की सगळे खूश होतात. मी होत नाही. दुसऱ्या प्लेटमध्ये आयएल-३ परत घातलं, की पेशींना एफजीएफआर२ ची गरज उरत नाही; तरीही मेल्या, तर ते औषध नव्हे, विष. ही दुसरी प्लेट लावल्याशिवाय आमचा अहवाल बाहेर जात नाही. खर्च वाचवा म्हणून एका ग्राहकाने ती गाळायला सांगितली, तेव्हा ते काम आम्ही सोडलं.

तिसरी प्लेट बदललेल्या एफजीएफआर२ ची. औषध लागू पडलं तरी पुढे गाठ पुन्हा वाढते. बऱ्याचदा प्रथिनातल्या ५६५ व्या जागेवरचं व्हॅलिन हे अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि औषधाला बसायला जागाच उरत नाही. २०२२ मध्ये मंजूर झालेलं फ्युटिबॅटिनिब प्रथिनाला कायमचं चिकटतं, म्हणून अशा काही बदलांवरही ते चालतं. तरी एफजीएफआर१ हे एफजीएफआर२ चं भावंड त्याच्याकडूनही अडवलं जातं, आणि एफजीएफआर१ अडलं की रक्तातलं फॉस्फेट चढतं, डोस कमी करावा लागतो. फक्त एफजीएफआर२ वर नेम धरणारा रेणू आमच्या टेबलावर आला, की त्या दिवशी मी घरी उशिरा जातो.

आपल्याकडे मात्र गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचाच कर्करोग जास्त. त्यातल्या काही गाठींत हर२ हे पेशीला वाढायला लावणारं प्रथिन वाढलेलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनिडाटामॅबला पित्तमार्गाच्या अशाच कर्करोगांसाठी मंजुरी मिळाली. सध्या आमच्या इन्क्युबेटरच्या वरच्या कप्प्यात हर२ च्या पेशी वाढताहेत.