विटकरी

शनिवार, रात्र

शेडकार्ड घेऊन बसण्याचा आजचा चौथा दिवस. हॉलमधली पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टेराकोटा करायची, एवढं पक्कं झालं. टेराकोटा म्हणजे इटालियनमध्ये भाजलेली माती. आपल्याकडे याला विटकरी म्हणतात, पण दुकानात "विटकरी द्या" म्हणायला जीभ रेटली नाही. तोच रंग, फक्त विटकरी म्हटलं की डोळ्यासमोर कौलारू शाळा येते आणि टेराकोटा म्हटलं की रिसॉर्ट.

रविवार

रंगारी काकांनी आधी 200 मिलीचा छोटा डबा आणायला लावला. "ताई, कार्डावर भुलू नका." मग फूटभराचे तीन चौकोन रंगवले. कार्डावर जो सौम्य वाटला तोच भिंतीवर आरडाओरडा करायला लागला. ओला असताना बरा होता, वाळल्यावर आणखी गडद झाला. शेवटी जो मला जरा मळकट म्हणून नको होता, तोच जिंकला.

सकाळी तो मातीसारखा शांत असतो. दुपारी चारनंतर ऊन पडलं की पेटतो. आणि रात्री ट्यूब लावली तर चक्क शिळा चहा! आमची ट्यूब 6500 केल्व्हिनची, निळसर पांढऱ्या उजेडाची. तिच्या जागी 3000 केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावला आणि भिंत परत माणसात आली. ट्यूब बदलायला माझी तयारी नसती, तर हा रंग घेण्यात अर्थ नव्हता.

बुधवार

भिंत 12 बाय 10. पहिला हात झाला तेव्हा नुसते पट्टे दिसत होते, मी हबकलेच. काका म्हणाले, गडद रंगाच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगाचे थेंब मिसळतात त्या मूळ डब्यात, पांढरं कमी असतं, त्यामुळे खालचं झाकायला वेळ लागतो. तिसऱ्या हाताला भिंत एकसारखी झाली. बाकीच्या तीन भिंती हस्तिदंती ठेवल्या. पांढराशुभ्र शेजारी फार टोचत होता.

संध्याकाळी आई आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "अगं, ही तर वृंदावनाला काव लावल्यासारखी दिसतेय!"

मला आधी रागच आला. मग आठवलं, आजी तुळशीच्या लग्नाआधी गेरू, म्हणजे हीच काव, भिजवायची आणि चिंधीच्या बोळ्याने वृंदावन, उंबऱ्याबाहेरची जागा, कुंड्या, सगळं सारवून काढायची. त्यावर रांगोळी उठून दिसायची. गेरूचा लाल म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, आणि असे मातकट रंग करताना दुकानातल्या मशीनमधूनही बहुधा तेच थेंब पडतात, तांबडा ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड, जरासा काळा. कोकणात, गोव्यात देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर काव लावून ती कोरतात, खालचा पांढरा वर येतो आणि नक्षी होते. वारल्यांची पांढरी चित्रंही गेरूच्या भिंतीवरच. मी चार दिवस शेडकार्डात काय शोधत होते कोण जाणे.

फरक एवढाच, की आजीच्या भिंतीला टेकलं की पाठ लाल व्हायची.

गुरुवार

निळसर पडदे या भिंतीशेजारी आजारी दिसतात. जाडे खादीचे आणावे लागणार. समई मात्र अशी खुलली आहे की काल दोनदा उगाच घासली.

पाव डबा रंग उरला होता. आईने दुपारी बाल्कनीतल्या पाच कुंड्या रंगवून टाकल्या. हा आतल्या भिंतींचा रंग आहे, उन्हापावसात टिकणार नाही, असं मी सांगितलं. "नाही टिकला तर पुढच्या वर्षी गेरू आणू," म्हणाली.