आसईचे गोलंदाज: उन्हाळ्यातली नवी १५ मिमी फौज

तर मंडळी, पाडव्यानंतरच्या रविवारी काम सुरू केलं होतं आणि आता मेचा शेवटचा आठवडा आलाय, म्हणून म्हटलं कुठवर आलंय ते लिहूनच टाकावं. टेबलावर लढाई खेळायच्या छोट्या सैनिकांची (आम्ही त्यांना मिनी म्हणतो) नवी फौज आहे ही. शिंद्यांची कवायती फौज, म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेली, करतेय, साल १८०३, आसईची लढाई, १५ मिमी स्केल, म्हणजे एक माणूस साधारण तेवढा उंच. मराठा आर्मी म्हटलं की आपल्यातले बहुतेक जण आधी घोडदळ काढतात, भाले, भगवा, गनिमी कावा, आणि ते मलाही आवडतं, माझी पहिली फौज तीच होती. पण २३ सप्टेंबर १८०३ ला आसईच्या रानात जे खरे लढले ते पायदळाचे कंपू (अनेक पलटणींचा एक कंपू) आणि तोफखाना. स्वारांची फौज मोठी होती पण ती लढाईत फारशी उतरलीच नाही. समोरचा इंग्रज सेनापती वेलस्ली, त्याचं ज्या लढाईने एवढं नाव झालं तिच्यात त्याला मार बसला तो तोफांचा, आणि त्या तोफांमागे जी माणसं शेवटपर्यंत उभी राहिली त्यांच्यासाठी मला ही फौज करायचीय. म्हणून पहिल्यांदा गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारी माणसं, मग त्यांच्या भोवती बाकी सगळं.

आधी हिशोब सांगते म्हणजे पुढचं कळेल. आसईला शिंद्यांकडून कवायती पायदळ साधारण दहा-अकरा हजार होतं, सगळ्यात मोठा कंपू पोलमनचा (हा मूळचा हॅनोव्हरचा), शिवाय सरधन्याची सत्ताधीश बेगम समरू हिच्या पलटणी आणि द्युपाँच्या हाताखालचा तिसरा, लहान कंपू. मी एकूण आठ पलटणी करतेय, चार पोलमनच्या, दोन बेगमच्या, दोन द्युपाँच्या, प्रत्येकी १६ मिनी, म्हणजे १२८, म्हणजे एक मिनी म्हणजे साधारण ८५ माणसं. तोफा शंभराच्या आसपास होत्या, त्याच्या आठ मॉडेल. प्रत्येक तोफेला चार गोलंदाज. वर २४ स्वार, कारण थोडे तरी टेबलावर दिसायला हवेत. बेस, म्हणजे मिनी चिकटवायची तळाची पट्टी, ४० बाय २० मिमीचा, दोन मिमी जाड एमडीएफ बोर्डाचा, एका बेसवर चार जण, चार बेसची एक पलटण. आठही पलटणी एका रांगेत लावल्या तर १२८ सेंटीमीटर होतात आणि सहा फुटी टेबलावर दोन्ही बाजूंना नदीसाठी जागा उरते. हे गणित जमलं तेव्हाच १५ मिमी नक्की केलं, २८ मिमी स्केलमध्ये एवढी रांग माझ्या घरात मावलीच नसती.

बाहेरून मेटल मिनी मागवायच्या तर कुरिअर आणि कस्टम मिळून मिनीपेक्षा जास्त पैसे जातात, त्यामुळे मिनीच्या थ्रीडी फाइल विकत घेऊन रेझिन प्रिंटरवर प्रिंट. प्रिंटर मित्राचा, रेझिन माझं. उन्हाळ्यात रेझिन पातळ राहतं, प्रिंट छान येतात, थंडीत जो त्रास होतो तो अजिबात झाला नाही. प्रिंट क्युअर करायला, म्हणजे रेझिन पक्कं करायला, मशीन नको, गच्चीवरचं ऊन पुरतं, पण लक्ष ठेवा, एप्रिलच्या उन्हात पहिला ट्रे मी दुपारभर विसरले आणि संगिनी इतक्या ठिसूळ झाल्या की सपोर्ट (प्रिंट होताना आधाराला असलेल्या काड्या) काढतानाच नऊ तुटल्या. आता सपोर्ट आधी काढते, रेझिन अजून थोडं मऊ असताना, मग ऊन दाखवते, आणि रेझिनमध्ये थोडं टफ, म्हणजे कमी ठिसूळ, रेझिन मिसळते. त्यानंतर एकही संगीन गेली नाही.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात. याच्यावर जरा बोलायलाच हवं कारण आपल्याकडे हे वर्षातून बदलत राहतं. पहिल्या बॅचला दुपारी दोन वाजता गच्चीवर स्प्रे मारला आणि रंग हवेतच सुकून मिनीवर जाऊन बसला, अंगावर बारीक रवा लावल्यासारखा. सोळाच्या सोळा आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) थोडा वेळ बुडवून जुन्या टूथब्रशने घासल्या. तेव्हापासून सकाळी सहा ते सात, ऊन चढायच्या आत, कॅन जवळ धरून छोटे छोटे फटकारे. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की उलटा प्रॉब्लेम, प्रायमर आणि मॅट वार्निश दोन्ही पांढरट धुरकट होतात. म्हणून या प्रोजेक्टची खरी डेडलाइन पाऊस आहे. जे काही स्प्रेचं आहे ते पहिल्या पावसाच्या आत, ब्रशचं काम नंतरही होतं.

रंगवण्याची पद्धत साधीच, काळा प्रायमर, वरून करडा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग), मग फक्त वरच्या कडांना पांढरा, आणि त्यावर कॉन्ट्रास्ट पेंटचा, म्हणजे खाचांत गडद बसणाऱ्या अर्धपारदर्शक रंगाचा, एकच हात. पंखा बंद ठेवावा लागतो नाहीतर रंग ब्रशवरच सुकतो. वेट पॅलेट (रंग ओला ठेवणारी पाटी) म्हणजे पोळ्यांचा जुना चपटा डबा, आत ओला स्पंज, वर बटर पेपर, रात्री झाकण लावून फ्रिजमध्ये. घामाच्या बोटांनी रंग निघतो म्हणून मिनी पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवून घेते आणि झाकणालाच धरते.

कवायती पलटणींचा पोशाख ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या वळणाचा, त्यामुळे मी लाल कोट घेतला. इथे एक अडचण येते जी टेबलावर गेल्याशिवाय कळत नाही. समोर कंपनीचे शिपाईपण लाल कोटात, आणि दोन फुटांवरून दोन्ही फौजा सारख्याच दिसायला लागतात. मी तीन गोष्टी केल्या. माझा लाल जरा विटका ठेवला, लालात थोडा काव मिसळून, दख्खनच्या उन्हापावसात कापड जसं उतरतं तसा. डोक्याला गडद निळ्या पगड्या. आणि प्रत्येक पलटणीत एक मोठा भगवा झेंडा, मुद्दाम स्केलपेक्षा मोठा, चहाच्या पुडीतल्या चांदीच्या कागदाचा कापून त्याला वळणं दिली. आता खोलीच्या दारातून बघितलं तरी आपले कोण ते कळतं. त्वचेसाठी बाटलीतला तयार रंग वापरूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यातले बरेच गुलाबी आधारावर बनवलेले असतात. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर वेगवेगळ्या प्रमाणात घेऊन तीन छटा केल्या आणि एका बेसवर तिन्ही येतील असं बघितलं. शिंद्यांच्या पलटणींत उत्तर हिंदुस्थानातली माणसं खूप होती, एकाच रंगाचे चेहरे नसणारच.

आता तोफा, ज्यासाठी हे सगळं. या तोफा काही जुन्यापान्या नव्हत्या, महादजींच्या काळात द बॉयन या युरोपीय सेनानीने कंपू उभे केले तेव्हापासून आग्र्याला चांगल्या प्रतीच्या तोफा ओतल्या जात होत्या, आणि लढाईनंतर ज्या इंग्रजांच्या हाती पडल्या त्या त्यांना स्वतःच्या कामाला लावण्याइतक्या चांगल्या वाटल्या. पितळेसाठी नुसता सोनेरी मारला की तोफ सराफाच्या दुकानातली वाटते. मी ब्रास मेटॅलिकमध्ये बर्न्ट अंबर मिसळला, वर सेपियाचा वॉश (पातळ गडद रंगाचा हात), मग फक्त तोंडाच्या कडेला आणि कड्यांवर उजळ पितळ, आणि तोंडाशी काळा पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) बोटाने चोळला, कारण दिवसभर चाललेली तोफ आहे ती. गाडे गडद तपकिरी. ओढायला बैल, पांढरे पण खांद्याकडे करडे होत गेलेले, आणि शिंगं काळ्याकडे झुकणारी. बैलांना मी गोलंदाजांपेक्षा जास्त वेळ दिला हे खरं आहे आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आणि हे वाचाच. आसईला इंग्रजांची रांग तोफांवर चालून आली, गोलंदाज जागा सोडून पळाले नाहीत, तिथेच संगिनींनी कापले गेले. रांग पुढे निघून गेली. मग जे मेल्यासारखे पडून होते त्यातले बरेच उठले, तोफा फिरवल्या आणि मागून त्याच रांगेवर गोळे टाकायला सुरुवात केली. वेलस्लीला स्वतः ७८ वी हायलँडर ही स्कॉटिश पलटण आणि ७ वा देशी रिसाला घेऊन मागे वळावं लागलं आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक तसंच उघडं ठेवून बसले होते. म्हणून माझ्या प्रत्येक तोफेला दोन बेस आहेत, एकावर उभे चार गोलंदाज, एक ठासतोय, एक बत्ती घेऊन, आणि दुसऱ्यावर तीन पडलेले. नियम असा लिहिलाय की शत्रूने तोफेचा बेस तुडवला की उभा बेस काढून पडलेला ठेवायचा, आणि शत्रूची पलटण सहा इंच पुढे गेली की दर टर्नला फासा टाकायचा, पाच किंवा सहा आला तर गोलंदाज उठले. तोफ आहे त्याच जागी, तोंड पाहिजे तिकडे. प्रत्येक तोफेला एकदाच.

पडलेले गोलंदाज तयार मिळत नाहीत. उभ्या मिनीचे पाय बेसपासून कापून, गुडघ्यात गरम पाण्याने हलकं वाकवून, मग मातीत आडवे. सुट्टीला आलेला माझा भाचा ते बेस बघून म्हणाला, "आत्या, हे मेलेत का झोपलेत?" म्हटलं, तेच तर समोरच्याला कळता कामा नये. त्यानंतर त्याने एकाचा हात तोफेच्या चाकाला टेकवायला लावला, आणि ती आयडिया इतकी चांगली होती की आता सगळ्यांचा एकेक हात चाकाला आहे.

बेसिंगसाठी मार्चमध्ये आसईला जाऊन आले होते, जालना जिल्ह्यात. जमीन काळी, कोरडी झाल्यावर भेगा पडणारी. बरोबर एक पिशवी माती आणली, चाळून, भाजून घेतली म्हणजे बुरशी नको, आणि फेव्हिकॉलवर टाकली, रंगाची गरजच नाही, वर फक्त करड्याचा हलका ड्रायब्रश. लढाई सप्टेंबरअखेरची म्हणजे रान हिरवं असणार, तर दिवाळीच्या किल्ल्याला लहानपणी भुसा रंगवायचो तसाच हिरवा रंगवलेला भुसा, आणि काथ्याचे छोटे झुपके. केळणा आणि जुई या दोन्ही नद्या मी गेले तेव्हा जवळजवळ कोरड्या होत्या, पण लढाई याच दोन नद्यांच्या बेचक्यातली. केळणेच्या काठावर समोरासमोर दोन गावं दिसली म्हणजे मध्ये नदी पायी ओलांडायचा उतार असणारच एवढ्या अंदाजावर वेलस्लीने सैन्य पलीकडे घातलं. आणि पोलमनने काय केलं, सगळी रांग काटकोनात फिरवून त्याच्यासमोर आणली, वेलस्लीला वाटलं होतं हे त्यांना जमणार नाही. तिथे उभं राहिल्यावर कळलं की जागा किती अरुंद आहे आणि एवढ्या पलटणी तोफांसकट तशा फिरवणं म्हणजे काय कवायत लागली असेल. म्हणून माझ्या पलटणींना टेबलावर वळताना चाल कमी होण्याचा दंड नाही, यावर मित्राशी दोन संध्याकाळी वाद घातला (तो कंपनीची बाजू करतोय) आणि शेवटी त्याने मान्य केलं.

आजची परिस्थिती अशी. पाच पलटणी पूर्ण, वार्निशसकट. सहावीचे कोट झालेत, पगड्या बाकी. तोफा पाच पूर्ण, पडलेले बेस दोनच. पोलमन घोड्यावर, झाला. बैलांच्या तीन जोड्या. स्वारांना फक्त प्रायमर मारलाय, ते पावसात बसून रंगवीन, त्यांची घाई नाही. आसईनंतर हीच फौज १ नोव्हेंबर १८०३ च्या लासवाडीच्या लढाईलाही चालेल, फक्त बेसची माती बदलावी लागेल, पण तो विचार गणपतीनंतर.

उद्या सकाळी सहाला उरलेल्या तीन तोफा गच्चीवर नेतेय. काल संध्याकाळी पश्चिमेला ढग होते, प्रायमरचा कॅन अर्धा आहे, पुरायला हवा.